मौनाचा अर्थ

“सर, एकानें दुसऱ्याला गोळी घालण्याची सोय ठेवायची कीं नको?”

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांपूर्वीं, चहाचा पेला हातांत असतांना, अगदीं सहज स्वरांत मला हा प्रश्न विचारला. मी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. विषप्रयोग, द्वंद्वयुद्ध, झोंपेंत केलेला राजाचा खून हे गेलीं अठ्ठावीस वर्षें माझे नित्याचे विषय आहेत. पण ते सारे पुस्तकांतले. अंमलांत आणावयाच्या गोळीबाराविषयीं माझें मत कोणीं विचारण्याचा हा पहिलाच प्रसंग. मीं पेला खालीं ठेवला आणि विचारलें, “कोणीं कोणाला?”

“जुन्या इमारतींतल्या सर्व्हरनें नव्या इमारतींतल्या सर्व्हरला. किंवा उलट. प्रसंग पडेल तसें.”

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. आमच्या महाविद्यालयाच्या इमारती दोन आहेत. एक साताऱ्याच्या भर वस्तींत, जुन्या दगडी भिंतींची. दुसरी गांवाबाहेर सहा किलोमीटरांवर. प्रवेश, शुल्काच्या पावत्या, परीक्षेचे अर्ज, ग्रंथालयाची सूचि, सारें कांहीं एका यंत्रावर चाले आणि तें यंत्र जुन्या इमारतींत होतें. तें बसलें कीं सारेंच बसे. तेव्हां दुसरें तसेंच यंत्र नव्या इमारतींत ठेवावें, एक थकलें तर दुसऱ्यानें त्याचें काम उचलावें, असें ठरलें, आणि त्यासाठीं समिति नेमली गेली. समितीचें अध्यक्षपद माझ्याकडे आलें याला कारणें दोन. मी सर्वांत वडील होतों हें एक. आणि मला त्या विषयांतलें कांहींच कळत नसल्यामुळें मी कोणाशीं वाद घालणार नाहीं, हें दुसरें. दुसरा अंदाज चुकला.

कल्पना ऐकावयास गोड आहे. देवळांतल्या नंदादीपाजवळ एक पुजारी तेल घेऊन बसतो. त्याला डुलकी लागली तर दुसरा हजर असावा, इतकीच. दोन्ही यंत्रें दर सेकंदाला एकमेकांना निरोप धाडतात : मी आहें, मी आहें. या निरोपाला इंग्रजींत हृदयाचा ठोका असेंच म्हणतात. कांहीं सेकंद ठोका ऐकूं आला नाहीं कीं राखीव यंत्र गादीवर बसतें. धंदेवाईक लोक या अखंडपणाचें मोजमाप नवांच्या आंकड्यांनीं करतात. सेवा शेंकडा 99.9 वेळ चालू राहिली तर वर्षांत पावणेनऊ तास ती बंद असते, 99.99 म्हणजे सुमारें त्रेपन्न मिनिटें, आणि 99.999 म्हणजे साऱ्या वर्षांत अवघीं सव्वापांच मिनिटें. एकेक नऊ वाढवितांना खर्च कसा चढतो हें माझ्या विद्यार्थ्यानें कागदावर काढून दाखविलें तेव्हां, आपण तीन नवांवर संतुष्ट राहूं, असा ठराव समितीनें एकमतानें केला.

अडचण निराळीच होती. दोन्ही यंत्रें एकाच खोलींत, एकाच नेटवर्कवर असतीं तर काम सोपें झालें असतें. तेथें एक सामाईक पत्ता ठेवतात. पहिलें यंत्र पडलें कीं दुसरें तो पत्ता आपल्या अंगावर घेतें आणि साऱ्या आळींत हांक मारून सांगतें कीं आजपासून या पत्त्यावर मी आहें. दारावरची पाटी या खांबावरून काढून त्या खांबावर लावावी, तसें. पण आमच्या दोन इमारतींना जोडणी देणाऱ्या कंपन्या दोन, नेटवर्कें दोन, पत्त्यांची मांडणी दोन. आणि पत्ता ही ज्या त्या आळीची मालमत्ता असते. सोमवार पेठेंतला घरक्रमांक घेऊन शाहूपुरींत राहतां येत नाहीं. टपालवाला तुम्हांला पूर्वीच्याच आळींत शोधीत बसेल.

यावर उपाय असा कीं पाटी हलवायची नाहीं, नांवनिशीची वही बदलायची. लोक महाविद्यालयाचें नांव घेतात, त्या नांवापुढें कोणता पत्ता लिहिला आहे हें सांगणारी एक जगड्व्याळ वही इंटरनेटवर असते, तिला डी.एन.एस. म्हणतात. राखीव यंत्रानें त्या वहींत आपला पत्ता लिहावयाचा. परंतु लोक दर वेळीं मूळ वही उघडीत नाहींत. ज्याच्या त्याच्या टांचणवहींत पत्ता उतरून घेतलेला असतो आणि किती सेकंदांनीं तो पुन्हां ताडून पाहावा याचा आंकडा सोबत दिलेला असतो. कांहीं टांचणवह्या तो आंकडा पाळतात, कांहीं आळशी असतात. सारांश, राज्यक्रांति झाल्यावरही थोडा वेळ निम्मी प्रजा जुन्या राजाच्याच दरबारांत अर्ज घेऊन जाते.

आतां गोळीकडे येतों. ठोका ऐकूं येईनासा झाला याचे अर्थ दोन होतात. पलीकडचें यंत्र मेलें असेल. किंवा तें ठणठणीत असून मधली वायर तुटली असेल. अलीकडच्या यंत्राला या दोहोंतला भेद कळण्याचा मार्ग नाहीं, कारण जी बातमी आणावयाची ती त्याच वायरीनें. म्हणून गादीवर बसण्यापूर्वीं, पलीकडच्याचा वीजपुरवठा तोडून तो खरोखरच मेला आहे याची खात्री करून घ्यावी, असा या शास्त्राचा दंडक आहे. त्या युक्तीला ‘स्टोनिथ’ असें नांव आहे. ‘दुसऱ्याच्या डोक्यांत गोळी घाला’ या इंग्रजी वाक्यांतल्या शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून तें केलें आहे. विद्यार्थ्यानें हें सांगितलें आणि पुढें असेंही सांगितलें कीं दोन निरनिराळ्या नेटवर्कांवर हा उपायही लंगडा पडतो. वीज तोडण्याचा हुकूमसुद्धां त्याच तुटलेल्या वायरीनें जावयाचा! म्हणून तिसऱ्या एका जागीं एक लहानसें यंत्र पंच म्हणून ठेवावें, असा त्याचा आग्रह होता.

मीं दोन्ही गोष्टी नाकारल्या. गोळी नाकारली ती सुसंस्कृतपणाच्या भरांत. एका निरोगी यंत्राच्या हातीं दुसऱ्याचा जीव देणें मला अभद्र वाटलें. पंच नाकारला तो काटकसरीच्या नांवाखालीं. पण खरें सांगावयाचें तर त्यामागें माझा एक लाडका सिद्धांत होता. दोन शहाण्या पक्षांत तिसरा शिरला कीं भांडण वाढतें, असें मी वर्गांत पुष्कळदां सांगत आलों आहें. तो मीं समितींतही सांगितला. विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मेलेला आणि न बोलणारा, हे दोघे इकडून सारखेच दिसतात.” मीं तें वाक्य चांगलें आहे म्हणून मनांत टिपून ठेवलें आणि अंदाजपत्रकावर सही केली.

गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत, परीक्षेचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशीं, संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास रस्ता खणणाऱ्या जे.सी.बी.नें आमच्या दोन इमारतींमधली केबल तोडली. दोन्ही इमारतींची बाहेरच्या जगाशीं असलेली जोडणी शाबूत होती. फक्त एकमेकींशीं बोलणें बंद झालें. नव्या इमारतींतल्या यंत्रानें नेमलेले सेकंद मोजले, ठोका नाहीं असें पाहिलें, आणि आपल्या कर्तव्याला जागून तें गादीवर बसलें. वहींत त्यानें आपला पत्ता लिहिला. जुन्या यंत्राला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. साथीदार वारला असावा असें समजून तेंही निष्ठेनें काम करीत राहिलें. मध्यरात्रीपर्यंत दोघांनीं अर्ज घेतले. दोघांचीही शेवटची सामाईक नोंद 1142 क्रमांकाची होती. तेव्हां दोघांनींही पुढचा विद्यार्थी 1143 वा ठरविला, आणि त्यापुढें 1144, 1145 अशा दोन मालिका समांतर चालू झाल्या. इंग्रजींत या अवस्थेला मेंदू दुभंगणें असें म्हणतात. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्यें एकाच शहरांत सारख्या चेहऱ्याच्या जुळ्यांच्या दोन जोड्या वावरतात, मीं तें नाटक कितीदां शिकविलें असेल! पण त्याहून जवळचा धडा मला साताऱ्यांत राहून आठवावयास हवा होता. सातारची एक गादी आणि कोल्हापूरची एक. दोन्ही ठिकाणीं छत्रपति, दोन्ही ठिकाणीं शिक्के, आणि जहागिरीची सनद नक्की कोणाची खरी मानावी हा सरदारांपुढला पेंच. वारणेचा तह होऊन हद्दी ठरावयास 1731 साल उजाडलें. आम्हांला तो पेंच सकाळीं नऊ वाजेपर्यंत सोडवायचा होता.

कार्यालयांतून फोन आला तेव्हां माझा विद्यार्थी प्रवासांत होता. त्याचा फोन लागेना. जुन्या यंत्रावर रात्रींत 212 अर्ज आले होते, नव्यावर 67. मीं क्षणभरही न थांबतां निकाल दिला : मोठी यादी खरी धरा, धाकटी तिच्याप्रमाणें दुरुस्त करा. या यंत्रांना तशी आज्ञा देतां येते. “माझी प्रत टाकून द्या आणि त्याची घ्या” असें एकानें दुसऱ्याला म्हणावयाचें, कीं सारें पुन्हां एकरूप होतें. आमच्या कार्यालयांतल्या तरुणानें अध्यक्षांचा हुकूम म्हणून ती आज्ञा दिली. पांच मिनिटांत दोन्ही यंत्रें पूर्ण एकमतानें बोलूं लागलीं आणि सदुसष्ट मुलें जगांतून नाहींशीं झालीं.

शुल्काची बँकेंतली यादी होती म्हणून त्यांचीं नांवें तरी मिळालीं. विद्यापीठानें तीन दिवसांची सवलत दिली. सहासष्ट मुलांना फोन लागले. रागावून, हंसून, क्वचित् रडून त्यांनीं पुन्हां अर्ज भरले. एका मुलीचा फोन मात्र लागेना. दुसऱ्या दिवशींही लागला नाहीं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, गांव कोयनेच्या जलाशयापलीकडचें. कार्यालयांतल्या एका अनुभवी गृहस्थांनीं मला समजावलें, “सर, त्या बाजूच्या मुली मध्येंच सोडतात. लग्न ठरलें असेल. उत्तर येत नाहीं म्हणजे काय तें समजायचें. तिचें नांव कमी करूं.”

त्यांच्या बोलण्यांत दुष्टपणा नव्हता. पण मला एकदम जाणवलें कीं नव्या इमारतींतल्या यंत्रानें त्या संध्याकाळीं अगदीं हेंच अनुमान काढलें होतें आणि मीं त्याला दिवसभर मूर्ख म्हणत होतों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मी सातारा स्थानकावर बामणोलीच्या एस.टी.त बसलों. कासच्या पठारावर धुकें असें दाटलें होतें कीं चालकाला पुढचें वळण पाठ होतें म्हणूनच आम्ही पुढें सरकलों. खिडकीच्या फटींतून येणारे पावसाचे तुषार अंगावर घेत बसलों असतां माझ्या मनांत पार्वतीबाई आल्या. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दींत शिरले आणि पुन्हां दिसले नाहींत. पराभवाची बातमी दक्षिणेंत आली, मेलेल्यांचीं नांवें आलीं. पण भाऊंच्या मरणाबद्दल त्यांच्या पत्नीची खात्री कोणालाच पटवितां आली नाहीं. त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत, आणि अखेरपर्यंत उतरविलीं नाहींत. आम्ही इतिहास वाचतांना याला भोळी निष्ठा म्हणून पुढें जातों. त्या धुक्यांत मला ती निष्ठेपेक्षां काटेकोरपणाची गोष्ट वाटली. निरोप येत नाहीं एवढेंच त्यांना ठाऊक होतें, आणि जेवढें ठाऊक होतें तेवढेंच त्या मानीत होत्या. राज्य चालविणाऱ्यांना मात्र असें थांबून चालत नाहीं. त्यांनीं जागा भरल्या, कारभार पुढें नेला. आणि 1776 सालीं एक मनुष्य, मीच भाऊसाहेब, असें म्हणत कोंकणांत फौज घेऊन उभा राहिला तेव्हां किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हवालीं झाले. पंधरा वर्षें झालीं तरी त्या मौनाचा अर्थ पक्का लागला नव्हता, म्हणूनच त्या तोतयाला पाय ठेवावयास जागा मिळाली. त्याला देहदंड दिल्यावरच तें प्रकरण मिटलें. गोळीचा पुरस्कार करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला हें उदाहरण आवडलें असतें.

बामणोलीस त्या दिवशीं नशिबानें लाँच चालू होती. साठाहून अधिक वर्षांपूर्वीं धरणाचें पाणी चढलें, खोऱ्यांतले जुने रस्ते त्याखालीं गेले, आणि ज्या गांवांना एकमेकांची हांक ऐकूं जात असे त्यांच्यामध्यें दीड-दोन तासांचें अंतर पडलें. त्या पाण्याची वीज महाराष्ट्रभर जाते. पाण्याकांठीं मात्र फोनची घंटा वाजत नाहीं. मुलगी शेतांत सांपडली. भाताची लावणी चालली होती. गुडघाभर चिखलांत, डोक्यावर इरलें घेऊन ती उभी होती आणि बांधावर छत्री सांवरीत उभ्या असलेल्या आपल्या प्राध्यापकाकडे ती बघत राहिली. तिचे वडील पुढें आले. “काय चुकलं का हिचं, सर?”

मीं सांगितलें कीं चूक तिची नव्हती. तिनें घरांतून एक वही आणली. गांवांत रेंज नाहीं, ती वरच्या खिंडींत गेल्यावर येते; म्हणून ती साताऱ्यास मावशीकडे जाऊन अर्ज भरून सकाळच्या गाडीनें परतली होती, आणि फोन कशाला हवा, काम तर झालेंच होतें. वहीच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईनें लिहिलें होतें : अर्ज क्रमांक 1150. माझ्या खिशांतल्या यादींत 1150 समोर दुसऱ्याच एका मुलाचें नांव होतें. नवा अर्ज ओसरीवर कागदावर भरून घेतला, सही घेतली. सही झाल्यावर तिनें विचारलें, “मग सर, माझा नंबर कुणाला दिलात?”

अठ्ठावीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला मीं कांहींतरी उत्तर दिलें नाहीं असें फारसें झालेलें नाहीं. त्या दिवशीं झालें. भाकरी आणि पिठलें खाऊन दुपारच्या लाँचनें मी परतलों.

विद्यार्थी परत आल्यावर मला वाटलें होतें कीं तो, “मीं सांगितलें होतें,” असें म्हणेल. तो म्हणाला नाहीं. उलट मला बरें वाटावें म्हणून त्यानें एक मोठ्या घरची फजिती सांगितली. गिटहब म्हणून एक अमेरिकन संस्था आहे. जगांतल्या असंख्य प्रोग्रॅमरांचें काम तिच्या कोठारांत असतें. 21 ऑक्टोबर 2018 रोजीं तिच्या पूर्व किनाऱ्यावर एक बिघडत चाललेलें उपकरण बदलीत असतां जोडणी तुटली, ती त्रेचाळीस सेकंदांनीं पुन्हां जुळली. त्रेचाळीस सेकंद! तिच्याकडे पंच होते, मतदान होतें, सारें होतें. मतदान नियमाप्रमाणें होऊन कारभार पश्चिम किनाऱ्याकडे गेला. परंतु पूर्वेकडे त्या क्षणांत लिहिल्या गेलेल्या कांहीं नोंदी पश्चिमेस पोहोंचल्याच नव्हत्या. आणि पश्चिमेनें तोंवर नव्या नोंदी घ्यावयास सुरुवात केली होती. एका कोठारांतल्या अशा नोंदी 954 होत्या. त्या टाकून देऊन सेवा लवकर पूर्ववत् करण्याची घाई करतां आली असती. संस्थेनें तसें केलें नाहीं. चोवीस तास अकरा मिनिटें तिनें लंगडत काढलीं, जगाच्या शिव्या खाल्ल्या, पण लोकांनीं सोंपविलेलें हरवूं दिलें नाहीं. हें ऐकून मला बरें वाटलें नाहीं. त्यांनीं चोवीस तास घेतले होते. मीं पांच मिनिटें घेतलीं होतीं.

त्या संध्याकाळीं त्यानें मला आणखी एका मनुष्याविषयीं सांगितलें, आणि तो मनुष्य तेव्हांपासून माझ्या मनांतून जात नाहीं. जिम ग्रे त्याचें नांव. दोन टेंकड्यांवर दोन सेनापति आहेत, मध्यें शत्रूचें खोरें आहे. दोघांनीं एकाच वेळीं हल्ला केला तरच जय. निरोप्या धाडावा तर तो वाटेंत मारला जाण्याचा संभव. पोहोंचला तर पोंच आणणारा मारला जाण्याचा संभव. आणि पोंचेची पोंच, तिचीही पोंच, अशी सांखळी कितीही लांबविली तरी दोघांचीही पूर्ण खात्री कधींच होत नाहीं. हें कोडें 1975 सालीं इतरांनीं गुंडांच्या टोळ्यांची गोष्ट करून मांडलें होतें. ग्रे यानें 1978 सालीं तें सेनापतींच्या नांवावर केलें आणि त्याच नांवानें तें चाललें. संगणक कां बंद पडतात यावर 1985 सालीं त्यानें लिहिलेला निबंधही या शास्त्रांत प्रमाण मानतात. यंत्रें स्वतः बिघडून जेवढीं थांबतात त्यापेक्षां त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांच्या हातून अधिक वेळां थांबतात, असें त्यांत आहे. (माझ्या विद्यार्थ्यानें हें वाक्य उच्चारतांना खिडकीबाहेर पाहिलें.) 1998 चें ट्यूरिंग पारितोषिक त्याला मिळालें. 28 जानेवारी 2007 रोजीं हा गृहस्थ आईच्या अस्थि समुद्रांत सोडण्यासाठीं सॅन फ्रान्सिस्कोहून आपल्या शिडाच्या नौकेंतून एकटा निघाला आणि परतला नाहीं. संकटाचा एकही निरोप आला नाहीं. तटरक्षकांनीं समुद्र धुंडाळला. त्याच्या मित्रांनीं उपग्रहांकडून छायाचित्रें मिळविलीं, आणि हजारों अनोळखी माणसें घरोघर बसून लाटांच्या त्या चित्रांत एक पांढरा ठिपका शोधीत राहिलीं. नौका मिळाली नाहीं, लांकडाचा तुकडाही नाहीं. न्यायालयानें तो मृत झाल्याचें जाहीर केलें तें 2012 सालीं. निरोप न येण्याचा अर्थ काय, हें ज्यानें साऱ्या जगाला शिकविलें त्याच्याच बाबतींत पांच वर्षें कोणालाही तो अर्थ लावण्याचा धीर झाला नाहीं.

समिति पुन्हां बसली. या खेपेस मी ऐकत होतों. गोळीची सोय झालीच नाहीं, पण तिच्याऐवजीं जें आलें तें मला अधिक भावलें. आतां कोणी कोणाला मारीत नाहीं. तीन मतें आहेत. ज्याच्या बाजूला दोन असतील त्यानें काम करावयाचें, आणि आपल्यापाशीं एकच आहे असें दिसतांच त्यानें आपण होऊन खालीं बसावयाचें. खालीं बसण्याचीही सक्ति आहे. प्रत्येक यंत्रांत एक पहारेकरी घड्याळ बसविलें आहे. यंत्रानें दर कांहीं सेकंदांनीं त्याला थोपटावें लागतें, आणि बहुमत गेलें कीं थोपटणें थांबतें, मग घड्याळच यंत्राला बंद करून पुन्हां सुरू करतें. बहुमत मिळालेल्यानेंही लगेच गादीवर उडी घ्यावयाची नाहीं; समोरच्याला खालीं बसावयास जेवढा वेळ लागेल तेवढा मोजून, वर थोडा अधिक थांबून, मग बसावयाचें. आणि अर्जाची पोंच मुलाच्या हातीं पडते ती नोंद दोन्ही ठिकाणीं उमटल्यावरच. त्यामुळें प्रत्येक कामाला किंचित् उशीर होतो. सहा किलोमीटरांत तो जाणवत नाहीं. पृथ्वीच्या दोन टोंकांना यंत्रें असलीं कीं जाणवतो, कारण कांचेच्या तंतूंतून प्रकाशसुद्धां सेकंदाला दोन लक्ष किलोमीटरच धांवतो, आणि त्याला घाई करा म्हणून सांगणारी समिति अजून नेमली गेलेली नाहीं.

एक पेंच यांतूनही सुटत नाहीं. तिघेही एकमेकांपासून तुटले तर तिघेही गप्प बसतील आणि मुलांना उत्तरच मिळणार नाहीं. एरिक ब्रूअर यानें 2000 सालीं सांगितलें आणि 2002 सालीं दुसऱ्या दोघांनीं गणितानें सिद्ध केलें कीं जोडणी तुटलेली असतांना प्रत्येकाला उत्तर देणें आणि सर्वांनीं एकच खरें सांगणें, या दोहोंपैकीं एकच साधतें. आमच्या समितींत यावर दीड तास चर्चा झाली. प्राचार्यांना उत्तर हवें होतें. मीं 1150 क्रमांकाची गोष्ट सांगितली, आणि गप्प बसण्याच्या बाजूनें ठराव झाला.

राहिला प्रश्न पंचाच्या जागेचा. तो दोन्ही इमारतींहून निराळ्या ठिकाणीं, निराळ्याच कंपनीच्या जोडणीवर हवा होता. पैसे पुन्हां नव्हतेच. तेव्हां तो माझ्या घरीं आला. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, तिला एक हिरवा दिवा. बैठकीच्या खोलींत, पुस्तकांच्या कपाटावर, माझ्या वडिलांच्या तसबिरीशेजारीं ती ठेविली.

“हा काय काम करतो?” पत्नीनें विचारलें.

“कांहीं नाहीं. तो फक्त मत देतो.”

“म्हणजे तुमच्यासारखाच,” ती म्हणाली, आणि आंत गेली.

या वर्षींच्या दिवाळीच्या आधीं एके सकाळीं मी वर्गांत असतांना खिशांतला फोन थरथरला. निरोप होता : तिसरा उत्तर देत नाहीं, दोघे हजर आहेत, काम चालू आहे. मीं तास आटोपून घरीं फोन लावला. तो कोणीं उचलला नाहीं. पुन्हां लावला. मग, पाय थोडे झपाझप उचलीत, घरीं गेलों.

पत्नी स्टुलावर उभी होती, डोक्याला फडकें बांधून. कपाटावरचीं सारीं पुस्तकें जमिनीवर आलीं होतीं, वडिलांची तसबीर खुर्चीवर होती, आणि तिच्या हातांत ती डबी होती.

“याच्यामागें केवढें जाळें झालें होतें,” ती म्हणाली. “फोन आंत राहिला. एवढ्यासाठीं कॉलेज सोडून आलांत?”

मीं तिच्या हातांतून डबी घेऊन वायर जोडली. थोड्या वेळानें दिवा लागला.